प्रकल्प नोंदी : अक्षांश, उंची आणि ढग

२ जून

प्रकल्पाचे स्वरूप आज नक्की झाले. एका मोठ्या तक्त्याच्या आडव्या अक्षावर विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचे अक्षांश आणि उभ्या अक्षावर समुद्रसपाटीपासूनची उंची घ्यायची, प्रत्येक चौकटीत तिथले वार्षिक सरासरी तापमान रंगाने दाखवायचे आणि त्यावर कुठे कोणते ढग आढळतात ते चितारायचे, अशी कल्पना आहे. आम्ही तिघे आहोत. एकाकडे आकडेमोड आहे, एकीकडे रेखाटन आहे, तर प्रयोग आणि या नोंदी माझ्याकडे आल्या आहेत.

काम सुरू करायला हाताशी काहीतरी असावे म्हणून एक ढोबळ सूत्र ठरवले. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला सरासरी २७ अंश सेल्सिअस धरायचे, ध्रुवाकडे सरकताना दर अक्षांशाला अर्धा अंश वजा करायचा आणि वर चढताना दर किलोमीटरला ६.५ अंश वजा करायचे. यातला ६.५ हा आकडा प्रमाण वातावरणाचा, म्हणजे हिशेबासाठी मानलेल्या सरासरी वातावरणाचा, असून तो सर्वत्र वापरला जातो. अर्ध्या अंशाचा आकडा मात्र आम्ही विषुववृत्त आणि ध्रुव या दोन टोकांच्या तापमानांतल्या फरकाला ९० ने भागून काढला आहे. या हिशेबाने एक किलोमीटर चढणे म्हणजे १३ अक्षांश, अर्थात सुमारे १,४०० किलोमीटर, ध्रुवाकडे जाणे होय. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी १८०२ मध्ये चिंबोराझो पर्वतावर चढताना उंचीनुसार बदलत जाणारे वनस्पतींचे पट्टे नोंदवले आणि १८१७ मध्ये सारख्या तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या समताप रेषांचा नकाशा मांडला, तेव्हापासून डोंगर म्हणजे उभी केलेली पृथ्वीच, ही कल्पना लोकांना भुरळ घालत आली आहे. आम्हालाही तिने भुरळ घातली. सूत्र इतके सुबक होते की त्याचा तिथेच संशय यायला हवा होता.

५ जून

विजेरीचा प्रयोग केला. विजेरीच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी लावली, खोलीत अंधार केला आणि चौकटीच्या कागदावर प्रकाशाचा गोल पाडून उजळलेले चौकोन मोजले. कागद प्रकाशाला काटकोनात असताना ५२ चौकोन उजळले. कागद ६० अंशांनी कलता केल्यावर गोलाची लांबट अंडाकृती झाली आणि तिच्यात पहिल्यांदा ९६, दुसऱ्यांदा १०७ चौकोन भरले. गणिताप्रमाणे ते १०४ यायला हवे होते. कडा धूसर असल्यामुळे अर्धवट उजळलेला चौकोन धरायचा की सोडायचा यावरून आमच्यात बराच वाद झाला. शेवटी अर्ध्याहून अधिक उजळलेला तेवढाच मोजायचा, असे ठरले.

विषुवदिनी भर दुपारी ६०° अक्षवृत्तावर सूर्य क्षितिजापासून फक्त ३० अंश वर असतो. तेवढ्याच किरणांना तिथे दुप्पट जमीन तापवावी लागते आणि त्यांना कापावी लागणारी हवेची वाटही जवळपास दुप्पट होते. एवढे अपेक्षितच होते. मात्र कोन बदलत बदलत आलेख काढला तेव्हा तो सरळ रेषेत उतरेना. ०° पासून ३०° पर्यंत जमिनीला मिळणारी ऊर्जा जेमतेम १३ टक्क्यांनी घटते, तर ३०° पासून ६०° पर्यंत ती आणखी ३७ टक्क्यांनी खाली येते. म्हणजे दर अक्षांशाला अर्धा अंश हा नियम उष्ण कटिबंधात फार कडक आणि समशीतोष्ण कटिबंधात फार सैल ठरतो. त्यामुळे सूत्रातली सरळ रेषा काढून टाकली आणि तिच्या जागी विषुववृत्ताजवळ जवळजवळ सपाट, नंतर झपाट्याने उतरणारी वक्ररेषा घेतली. दोन्ही टोकांचे आकडे, २७ आणि उणे १८, तसेच ठेवले आहेत.

९ जून

आजचे काम थोडेच होते, पण ते टाळता येण्यासारखे नव्हते. तक्ता पाहणारा प्रत्येक जण विचारतो की डोंगर सूर्याच्या जवळ असूनही थंड का. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरांवर आहे. त्या अंतरात पाच किलोमीटरांचा फरक कुणाच्या खिजगणतीत नाही. हवा मुख्यत्वे खालून, तापलेल्या जमिनीकडून आणि पाण्याकडून तापते. वर जाणारी हवा कमी दाबात पोहोचते, प्रसरण पावते आणि त्या प्रसरणात स्वतःचीच उष्णता खर्च करते. ती कोरडी असेल तर दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. तिच्यातल्या बाष्पाचे सांद्रीभवन सुरू झाले की हा दर मंदावतो, कारण एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता हवेत परत मिसळते. उष्ण व दमट हवेत हा दर ४ अंशांच्या आसपास उतरतो, तर अतिथंड हवेत मुळात बाष्पच फारसे नसल्यामुळे तो पुन्हा ९ अंशांच्या जवळ जातो. ही शेवटची दोन वाक्ये वहीत लिहून मी त्यांच्याखाली रेघ ओढून ठेवली आहे. आमचा ६.५ हा एकच आकडा सगळीकडे लावणे यामुळे अवघड होणार, असे दिसते.

१२ जून

बाटलीतला ढग. एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घेतली, तिच्यात दोन चमचे पाणी घातले, झाकण घट्ट लावून बाटली दोन्ही हातांनी दाबली आणि झटकन सोडली. काहीच दिसले नाही. पाणी जास्त गरम घेतल्यामुळे बाटली आतून घामेजली होती आणि आत ढग तयार झाला असता तरी तो दिसला नसता. मग कोमट पाणी घेतले, बाटलीमागे काळा कागद धरला आणि बाजूने विजेरीचा प्रकाश सोडला. तरीही दाब सोडल्यावर अगदी पुसटशी झाक आली आणि गेली. तिसऱ्या वेळी आगकाडी पेटवून विझवली, तिचा धूर बाटलीत ओढून घेतला आणि झाकण लावून पुन्हा दाब दिला. दाबलेल्या बाटलीत हवा स्वच्छ होती. हात सैल सोडताच पूर्ण बाटली दुधी धुक्याने भरली, आणि पुन्हा दाबल्यावर ते धुके जसे आले तसे विरून गेले. हे आम्ही वीस-एक वेळा केले, त्यातल्या निम्म्या वेळा निव्वळ गंमत म्हणून.

यातून दोन गोष्टी हाती आल्या. ढगाला लागणारी थंडी बाहेरून आणावी लागत नाही, प्रसरण पावणारी हवा ती स्वतःच निर्माण करते. डोंगर चढणारा वारा नेमके हेच करतो. दुसरे असे की हवा संपृक्त झाली, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावेनासे झाले, तरी त्या बाष्पाला बसायला काहीतरी लागते. धूर, धूळ, समुद्राच्या फवाऱ्यातले मिठाचे कण यांच्याभोवती थेंब धरतात.

१६ जून

ढगाच्या तळाची उंची काढण्याची रीत सोपी आहे. जमिनीलगतचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते) यांतला फरक घ्यायचा आणि त्याला १२५ ने गुणायचे. उत्तर मीटरमध्ये येते. वर जाणारी हवा किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते आणि तिचा दवबिंदू त्याच वेळी सुमारे १.८ अंशांनी खाली सरकतो, म्हणून दोघांमधले अंतर किलोमीटरला ८ अंशांनी मिटते, एवढेच त्यामागचे गणित आहे. तापमान ३२ आणि दवबिंदू २४ असेल तर क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या ढिगांसारख्या, ढगांचा सपाट तळ १,००० मीटरवर सापडेल. तापमान ३८ आणि दवबिंदू ६ अशा वाळवंटी हवेत तोच तळ ४,००० मीटरवर जाईल, आणि अशा ढगातून पडलेला पाऊस जमिनीवर पोहोचेपर्यंत बहुधा हवेतच आटून जाईल.

इथे आमची एक ढोबळ चूक झाली. हे सूत्र ढगाची उंची जमिनीपासून सांगते, तर आमचा तक्ता समुद्रसपाटीपासून मोजतो. २,००० मीटर उंचीच्या पठारावरील ढगांचे तळ आम्ही तक्त्यावर पठाराच्याही खाली, म्हणजे चक्क खडकात, काढून बसलो होतो. रेखाटन करणारीने ते पाहून पेन्सिल खाली ठेवली आणि आमच्याकडे नुसते बघितले. सर्व नोंदी दुरुस्त करण्यात दुपार गेली.

दुरुस्तीनंतर जागतिक हवामान संघटनेच्या वर्गीकरणातली उंचीची मर्यादा तक्त्यावर चढवली. ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावे दिली आणि आज त्यांच्या दहा मुख्य जाती मानल्या जातात. कमी उंचीचे ढग सर्वत्र जमिनीपासून २ किलोमीटरपर्यंत असतात. मध्यम उंचीचे ढग उष्ण कटिबंधात २ ते ८, समशीतोष्ण कटिबंधात २ ते ७, तर ध्रुवीय प्रदेशात फक्त २ ते ४ किलोमीटरांदरम्यान आढळतात. सिरस वर्गातल्या अतिउंच ढगांचा पट्टा उष्ण कटिबंधात ६ ते १८, समशीतोष्णात ५ ते १३ आणि ध्रुवीय प्रदेशात ३ ते ८ किलोमीटर असा आहे. तक्त्यावर हे पट्टे रंगवल्यावर विषुववृत्तापाशी उंच आणि ध्रुवाकडे बसका होत जाणारा तंबू उभा राहिला. त्या तंबूचे कापड म्हणजे तपांबराची, अर्थात वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराची, वरची सीमा, तपस्तब्धी. ती विषुववृत्तावर सुमारे १६ ते १८ आणि ध्रुवांवर ८ ते ९ किलोमीटर उंचीवर असते. तपांबरातली हवा खालून तापून घुसळली जाते. जिथे खालची आच मोठी तिथे हे घुसळणे अधिक उंचापर्यंत पोहोचते.

ध्रुवाकडचा ढग नुसता बुटका नसतो, तो गरीबही असतो. संपृक्त हवेतल्या बाष्पाचा दाब ३० अंशांना ४२.४, २० अंशांना २३.४, १० अंशांना १२.३ आणि शून्य अंशाला फक्त ६.१ हेक्टापास्कल असतो. दर दहा अंशांमागे बाष्प जवळजवळ निम्म्यावर येते. शिवाय उष्ण कटिबंधात शून्य अंशाची पातळी ५ किलोमीटरच्या जवळपास असल्याने ३ किलोमीटरवरचा ढग तिथे निव्वळ पाण्याचा असतो आणि त्यातून बर्फाच्या मदतीवाचूनही पाऊस पडू शकतो. त्याच ३ किलोमीटरवर ध्रुवीय हिवाळ्यातला ढग हिमकणांचा असतो. उंची एकच, पण पदार्थच वेगळा.

१९ जून

पहिली खरी कसोटी घेतली. इक्वेडोरची राजधानी क्विटो विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून, २,८५० मीटर उंचीवर आहे. सूत्राप्रमाणे २७ वजा १८.५, म्हणजे ८.५ अंश. प्रत्यक्षात तिथले वार्षिक सरासरी तापमान १४ अंशांच्या पुढे आहे. त्याच देशातले समुद्रसपाटीलगतचे ग्वायाकिल सरासरी सुमारे २६ अंशांचे आहे. दोन्ही शहरांवरून दर काढला तर तो किलोमीटरला ४ अंशांच्या थोडासा वर येतो.

इतकी चूक गणिताची असूच शकत नाही, अशी आकडेमोड करणाऱ्याची खात्री होती, आणि ती खरी ठरली. दमट उष्ण हवा वर जाताना तिच्यातच ढग धरतात, बाष्पातली उष्णता हवेत मुरते आणि त्यामुळे उष्ण कटिबंधातले आकाश उंचावरही आपल्या ६.५ च्या हिशेबाहून ऊबदार राहते. दुसरे कारण भूमीचे आहे. क्विटो मोकळ्या आकाशात लोंबकळत नाही. ते डोंगरांनी वेढलेल्या उंच खोऱ्यात वसले आहे आणि तिथली जमीन त्याच उंचीवर ऊन झेलून आपल्यावरची हवा तापवते. एकाकी सुळक्याला हा लाभ मिळत नाही.

तापमानाहून मोठा फरक ऋतूंचा निघाला. आमच्या १३ अक्षांशांच्या नियमाने क्विटो म्हणजे साधारण ३७° अक्षवृत्तावरचे समुद्रसपाटीचे गाव व्हायला हवे होते. पण ३७° वर कडक उन्हाळा आणि जाणवणारा हिवाळा असतो, तर क्विटोत महिन्यांच्या सरासरी तापमानांत जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. तिथे वर्षभरात जेवढी उलथापालथ होत नाही त्याहून कितीतरी अधिक ती एका दिवसात, दुपार ते पहाट, होते. उंचीने तापमान खाली आणले, पण सूर्याचा वार्षिक फेरा जसा होता तसाच ठेवला. दिनमानाची लांबी फक्त अक्षांश ठरवतो आणि कोणताही डोंगर ती बदलू शकत नाही. उंची ही अक्षांशाची उभी आवृत्ती आहे हे आमचे पहिल्या दिवशीचे वाक्य मी खोडले.

२१ जून

आज उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस. वातावरणाच्या माथ्यावर आज चोवीस तासांत मिळणारी सौर ऊर्जा मोजली तर उत्तर ध्रुव विषुववृत्तावर मात करतो, कारण तिथे सूर्य मावळतच नाही. तरीही ध्रुवाजवळचे तापमान शून्याच्या आसपास घुटमळते. बर्फ बराचसा प्रकाश परत फेकतो, उरलेला बर्फ वितळवण्यात खर्ची पडतो, आणि उन्हाळ्यात आर्क्टिक समुद्रावर पसरणारे चादरीसारखे सखल स्ट्रेटस ढग उरल्यासुरल्या उन्हावर छत धरतात. अक्षांशाने देऊ केलेले ऊन जमिनीला मिळेलच असे नाही, हे तक्त्यावर कसे दाखवायचे ते अजून सुचलेले नाही.

२६ जून

गेले चार दिवस २०° ते ३०° या पट्ट्यात अडकलो आहोत. नियम सरळ आहे. विषुववृत्तावर वर गेलेली हवा आपले बाष्प पावसात ओतून ध्रुवांकडे वळते आणि ३०° च्या आसपास खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घसरते आणि ढग विरतात, अगदी दाबलेल्या बाटलीतल्यासारखे. सहारा, अरबस्तान, कालाहारी, ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग हे सगळे याच जास्त दाबाच्या पट्ट्यांतले आहेत. पण चेरापुंजीही २५° उत्तरेलाच आहे! जवळपास त्याच अक्षवृत्तावर, २४° वर, नाईलकाठचे अस्वान आहे आणि तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. चेरापुंजीला वर्षाकाठी सरासरी ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तर तो २६,४६१ मिलिमीटर नोंदला गेला. मोसमी वारे पावसाळ्यात पट्ट्यांची नेहमीची मांडणीच बदलून टाकतात आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा सपाट मैदानानंतर एकदम सुमारे १,३०० मीटर उभ्या कड्यावर चढवली जाते. मग पाऊस उंचीमुळे पडतो असे म्हणावे, तर चेरापुंजीहून रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर उत्तरेचे शिलाँग अधिक उंचावर असूनही तिथला पाऊस चेरापुंजीच्या पाव हिश्श्याहून कमी आहे. उंचीपेक्षा चढण महत्त्वाची, आणि चढणीपेक्षा ती वाऱ्याच्या तोंडावर आहे की पाठीला, हे महत्त्वाचे.

याच पट्ट्यात हवाई बेटे येतात. मौना केआ ४,२०७ मीटर उंच आहे. त्याच्या पूर्व पायथ्याचे हिलो व्यापारी वाऱ्यांच्या तोंडावर असल्याने तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि शिखर मात्र कोरडे ठणठणीत आहे. म्हणूनच तिथे मोठमोठ्या दुर्बिणी उभ्या आहेत. वरून उतरणारी कोरडी, तापलेली हवा आणि समुद्रालगतची थंड, दमट हवा यांच्या सीमेवर, साधारण २,००० ते २,५०० मीटरवर, तापमान उंचीबरोबर घटण्याऐवजी वाढते. तापमानाच्या या विपरीततेखाली ढग झाकणाखालच्या वाफेसारखे कोंडले जातात. २८° उत्तरेच्या तेनेरिफ बेटावरही हेच दिसते. चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी १८५६ मध्ये दुर्बीण तिथल्या डोंगरावर चढवली ती या ढगांच्या समुद्राच्या वर निघण्यासाठीच. खालच्या उतारांवर सदैव ओली राहणारी वने आणि वर रखरखीत लाव्हा, यांच्यामध्ये चालत ओलांडता येईल एवढेच अंतर आहे.

आता याच्या शेजारी स्कॉटलंडचा बेन नेव्हिस ठेवावा. उंची फक्त १,३४५ मीटर, अक्षांश जवळजवळ ५७° उत्तर. तिथे एकामागून एक आवर्ते, म्हणजे कमी दाबाची वादळे, येत राहतात, झाकण असे नसतेच आणि शिखर बहुतेक दिवस ढगात बुडालेले असते. तिथे १८८३ ते १९०४ या काळात वेधशाळा होती. १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन काही दिवस तिथे काम करत असताना ढगांवर पडलेली रंगीत प्रभावळ पाहून त्यांना तसेच दृश्य प्रयोगशाळेत घडवावेसे वाटले. त्यांनी दमट हवेचे एकदम प्रसरण घडवून काचेच्या भांड्यात ढग तयार केला आणि त्यातून पुढे मेघपेटी (विद्युतभारित कणांच्या वाटा दाखवणारे उपकरण) जन्मली, जिच्याबद्दल त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आमची बाटली त्याच घराण्यातली निघाल्यामुळे तिला आज तक्त्याशेजारी मानाची जागा देण्यात आली.

चार किलोमीटरांचा डोंगर ढगांच्या वर आणि सव्वा किलोमीटरांचा ढगांच्या आत, हे आमच्या सूत्रात बसत नाही. ढगांच्या दृष्टीने उंची मीटरमध्ये मोजून भागत नाही. झाकणाच्या खाली की वर, असे विचारावे लागते, आणि ते झाकण आहे की नाही, असल्यास कुठे, हे अक्षांश ठरवतो. तक्त्यावर १५° ते ३०° दरम्यान तुटक रेषेने झाकण काढले.

३० जून

माहिती घेतलेल्या एका यादीतल्या शिखरांच्या उंची फुटांत होत्या आणि आम्ही त्या मीटर समजून उतरवल्या होत्या. एक शिखर तंबूच्या कापडातून बाहेर आल्यामुळे हे लक्षात आले. नव्या नोंदी घेताना एकक रकान्याच्या डोक्यावर लिहायचे, असा नियम केला.

३ जुलै

हिमरेषा, म्हणजे जिच्या वर बर्फ वर्षभर टिकतो ती पातळी, काढली. वार्षिक तापमानावर हिमरेषा ठरत असती तर ती विषुववृत्तावर सर्वांत उंच असून दोन्हीकडे सारखी उतरत गेली असती. ती तशी नाही. विषुववृत्ताजवळ ती ५,००० मीटरच्या आसपास असते, पण दक्षिण अमेरिकेच्या कोरड्या अँडीजमध्ये, अटाकामाच्या परिसरात, ६,००० मीटरच्याही वर जाते. ६,७३९ मीटर उंचीच्या युयायाको या ज्वालामुखीवर हिमनदी नाही. थंडी आहे, पण बर्फ यायला ढगच नाहीत. हिमालयातही दक्षिण उतारावरची हिमरेषा तिबेटकडच्या उतारावरील हिमरेषेपेक्षा खाली आहे, कारण दक्षिणेकडे मोसमी ढग येऊन रिते होतात. पुढे आल्प्समध्ये ती सुमारे ३,००० मीटरवर येते आणि अंटार्क्टिकात समुद्राला टेकते. वक्ररेषेला मध्ये खळगा आणि दोन्ही बाजूंना उंचवटे आले आहेत. रेखाटन करणारीला तिचा आकार फार आवडला. मला तिच्यातला खळगा आवडला, कारण तो तापमानाने पडलेला नसून विषुववृत्तावरच्या ढगांनी पाडलेला आहे.

७ जुलै

दोन ध्रुवांची तुलना केली. अक्षांश दोन्हीकडे ९०°. उत्तर ध्रुव समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावर, तर दक्षिण ध्रुव २,८३५ मीटर उंचीच्या हिमपठारावर. सूत्राने उत्तरेला उणे १८ आणि दक्षिणेला उंचीचे १८ अंश आणखी वजा करून उणे ३६ दिले. दक्षिण ध्रुवाची वार्षिक सरासरी प्रत्यक्षात उणे ४९ च्या आसपास आहे. उत्तरेला बर्फाखालचा समुद्र उष्णता पुरवत राहतो आणि ढग ती धरून ठेवतात. दक्षिणेच्या पठारावर हवा इतकी कोरडी आणि आकाश इतके उघडे असते की जमिनीची उष्णता सरळ अंतराळात निघून जाते. ३,४८८ मीटर उंचीवरच्या व्होस्टोक तळावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश नोंदले गेले. तिथे बऱ्याचदा निरभ्र आकाशातूनच हिमकण झिरमिरत खाली येतात. ढग वाटावा एवढेही बाष्प त्या हवेत नसते.

हिवाळ्यात त्या पठारावर काही शे मीटर वर गेले तर हवा वीस-वीस अंशांनी ऊबदार लागते. सैबेरियातल्या ओयम्याकोनच्या खोऱ्यातही थंड, जड हवा तळाशी साचते आणि उतारावर चढणाऱ्याला थंडी कमी वाटते. म्हणजे ६.५ च्या आधीचे वजाचे चिन्हही तिथे टिकत नाही. त्याच सैबेरियातल्या व्हर्खोयान्स्कने उणे ६७.८ पासून २० जून २०२० च्या ३८ अंशांपर्यंतचे टोक पाहिले आहे. अशा ठिकाणाला वार्षिक सरासरीचा एक रंग देणे हा प्रकार मला आता काहीसा हास्यास्पद वाटू लागला आहे.

११ जुलै

आतापर्यंत हवामान ढग घडवते एवढेच आम्ही मांडले होते. ढग हवामानाला काय परत देतात, ते आज जोडले. पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी ढगाखाली असतो. सखल, दाट ढग ऊन परत फेकतात आणि त्यांचा माथा फारसा थंड नसल्याने उष्णता अडवण्यात ते कमी पडतात. पेरू, नामिबिया, कॅलिफोर्निया यांच्या किनाऱ्यांलगत, थंड सागरी प्रवाहांवर, त्याच झाकणाखाली स्ट्रेटोक्युम्युलसचे शेकडो किलोमीटरांचे पांढरे थर पसरतात आणि समुद्राला थंडच ठेवतात. थंड समुद्र पुन्हा तेच ढग पोसतो. उलट विषुववृत्ताजवळ १२ ते १५ किलोमीटरवरचे विरळ सिरस ऊन बरेचसे आत येऊ देतात, पण स्वतः अतिशय थंड असल्यामुळे खालून निघालेली उष्णता गिळून वर फारच थोडी सोडतात. ध्रुवीय रात्री ऊन मुळीच नसते, तेव्हा कोणताही ढग फक्त पांघरुणाचेच काम करतो. सगळा जमाखर्च मांडला तर आज ढग पृथ्वीला दर चौरस मीटरला सुमारे २० वॅट इतके थंड ठेवतात. एकच ढग कुठे छत्री होईल आणि कुठे गोधडी, हे त्याची उंची आणि त्याच्यावरचा सूर्य या दोन्हींवर अवलंबून आहे.

५०° ते ६०° दक्षिणेच्या समुद्रावर वर्षभर बहुतेक आकाश झाकलेले असते. तिथे आमच्या तक्त्यावर जमीन नसल्याने उंचीचा स्तंभ कोराच राहिला होता. त्या कोऱ्या जागेत जगातला सर्वांत ढगाळ पट्टा राहतो हे लक्षात आल्यावर तो स्तंभ करड्या रंगाने भरला.

१५ जुलै

तक्ता पूर्ण झाला. तापमानाच्या रंगछटा पुसट करून मागे टाकल्या आहेत आणि प्रत्येक नमुना ठिकाणापाशी चार गोष्टी लिहिल्या आहेत : वर्षातल्या सर्वांत उष्ण व सर्वांत थंड महिन्यांतला फरक, वारा कोणत्या बाजूने येतो, झाकण असल्यास त्याची उंची, आणि शून्य अंशाची पातळी. ढोबळ सूत्र कोपऱ्यात खोडलेल्या अवस्थेत तसेच ठेवावे असा माझा आग्रह होता. दोघांनी आधी नापसंती दाखवली, पण क्विटोचा ८.५ हा आकडा शेजारी लिहिल्यावर ते तयार झाले.

एक अडचण शेवटपर्यंत उरली. उभा अक्ष २० किलोमीटरांवर संपतो आणि उन्हाळ्यात ५०° ते ७०° अक्षवृत्तांदरम्यान संध्याकाळनंतर चमकणारे निशादीप्त ढग ८० ते ८५ किलोमीटरांवर असतात. १८८५ मध्ये ते प्रथम नोंदले गेले. तिथले मध्यांबर, म्हणजे वातावरणाचा त्या उंचीवरचा थर, उन्हाळ्यातच सर्वांत थंड, उणे १२० अंशांच्याही खाली असते, आणि हे ढग फक्त वरच्या अक्षांशांनाच लाभतात. तंबूच्या इतक्या वर जागा नव्हती, म्हणून तक्त्याच्या डोक्यावर एक वेगळी निळी पट्टी चिकटवली. ती थोडी वाकडी बसली आहे.